दादाच्या मशिनी मी बंद केल्या

माझं शिक्षण, माझी पुण्यातली नोकरी, नवऱ्याच्या बदलीमुळे माझं भंडाऱ्यात परत येणं, यातलं काहीच आमच्या दादाला कधी खुपलं नव्हतं. खुपलं ते एकच. मी त्याच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाकडे नोकरीला लागले.

घर आमचं आंधळगावचं, विणकरांचं. बाबा गेल्यावर मागावर कोणी बसलं नाही. दादा आंधळगावहूनच भंडाऱ्याला ये-जा करू लागला आणि गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास त्याने बस स्टँडच्या मागे कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. तेव्हा लोकांना माऊस कसा धरायचा हेही दाखवावं लागे. दादाने दाखवलं, विकलं, दुरुस्त केलं आणि त्या कमाईवर मला नागपूरला इंजिनिअरिंगला पाठवलं. हे तो कधी बोलून दाखवत नसे. मी त्या संस्थेत लागल्यापासून मात्र त्याने एकही संधी सोडली नाही.

संस्था म्हणजे एकाच आवारात दोन कॉलेजं, एक पॉलिटेक्निक आणि शाळा. जुन्या स्टाफरूमच्या खिडक्या विटांनी बुजवून तिथे सर्व्हर रूम केलेली. प्रवेशाची एक मशीन, वाचनालयाची दुसरी, परीक्षेची तिसरी, पगाराची वेगळी, हजेरीची वेगळी, अशी भिंतभर रांग. नवं काम निघालं की नवी मशीन घ्यायची, हे दादाने त्यांच्या अंगवळणी पाडलं होतं. प्रत्येकीवर त्याच्या दुकानाचं लाल स्टिकर. वाचनालयाची मशीन दिवसभरात चार पुस्तकांची नोंद करून उरलेला वेळ नुसती गरम होत बसे, आणि ती गरम होते म्हणून दोन एसी अहोरात्र चालत.

एवढंच असतं तर मी कदाचित गप्प बसले असते. पण खोलीतले सगळे नेटवर्क स्विच, म्हणजे मशिनींच्या तारा एकमेकींना जोडणारे डबे, स्वस्तातले, एकाची तार दुसऱ्यात खोचलेले, आणि संपूर्ण आवाराचं नेटवर्क एकच. पहिल्याच आठवड्यात मी पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये, जिथे पोरं प्रॅक्टिकल करतात, तिथल्या एका कॉम्प्युटरवर बसले. परीक्षा विभागाचं फोल्डर सरळ समोर दिसलं. पासवर्डसुद्धा विचारला नाही.

मी सचिवांना योजना दिली. सचिव धानाचे व्यापारी, त्यामुळे साध्या शब्दांत सांगावी लागली. दोन दणकट मशिनी घ्यायच्या. आज भिंतीशी उभ्या असलेल्या साऱ्या जुन्या मशिनी सॉफ्टवेअरच्या रूपात त्या दोघींत ठेवायच्या. प्रत्येकीचं काम वेगळं, पण लोखंड एकच. मध्ये दोन चांगले स्विच, आणि प्रत्येक मशीनची एक तार या स्विचला, दुसरी त्या स्विचला, म्हणजे एक गेला तरी वाट बंद होत नाही. त्याच स्विचमधून परीक्षा विभागाची आणि पोरांची वाट वेगळी करता येते. या वाटेवरच्याला ती वाट दिसतही नाही. उद्या एखादी मशीन क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेत, न्यायची म्हटली तर ती तशीच उचलून नेता येईल.

सचिवांनी ऐकून घेतलं आणि मी त्यांच्या केबिनमधून बाहेर पडताच दादाला फोन लावला. "तुमची बहीण तुमच्या मशिनी काढायला निघाली हो," असं हसत हसत सांगितलं म्हणे. मी रविवारी घरी जाऊन बोलणार होते. रविवारी गेले तेव्हा दादा बोलायची वाट पाहतच बसला होता.

आई वाढत होती. दादाने पहिला घासही घेतला नव्हता.

"तुले भंडाऱ्यात दुसरं कॉलेज नाही भेटलं?"

"दादा, तिथं पोट्टे परीक्षेचं फोल्डर उघडून पाहू शकतात."

"इतक्या वर्षांत कोणी पाह्यलं?"

"पाह्यलं नसन हे तुले कसं माहीत?"

त्याने ताट पुढे ढकललं. "माया भरवशावर चाललं ते. तार हलली तरी मी धावत जातो. फोन आला का जेवण सोडून जातो."

"तेच म्हणून राहिली मी. तुले धावावं लागते, म्हणजे मांडणीच चुकली."

"त्या धावण्यावर तू शिकली." त्याचा आवाज चढला. "अन् आता घरचीच पोट्टी पोटावर पाय देऊन राहिली."

आई म्हणाली, "जेवताना नका भांडू रे."

"तू चूप बस आई."

आमच्या घरात आईला असं कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मी हात न धुताच उठले. "तिच्यावर कायले ओरडतोस? माझ्याशी बोल."

"तुयाशी काय बोलू? तू आपल्या सचिवाशी बोल," असं म्हणत त्याने खुंटीवरची माझी पिशवी काढली आणि बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली. आई दाराशी आली, पण तिने ना त्याला अडवलं, ना मला थांबवलं. मी पिशवी उचलली आणि मिळेल त्या एसटीने भंडाऱ्याला आले. पुढे कितीतरी महिने मी आंधळगावला पाय ठेवला नाही.

त्यानंतर दादाने लढाई उघडच मांडली. जुन्या मशिनींचे पासवर्ड त्याच्याकडे होते. संस्थेने मागितले तेव्हा त्याने दिले, आणि त्यातले अर्धे चुकीचे निघाले. मी एकेक मशीन बंद करून, पासवर्ड न लागणाऱ्या आडवाटेने ती परत सुरू करून पासवर्ड बदलले. मग तो दोन्ही प्राचार्यांना भेटला. सगळा कारभार दोन मशिनींत कोंबला तर एक दिवस सारं कॉलेज एकदम बसेल, असं त्याने त्यांच्या मनात भरवलं. मला पुण्यात कामावरून काढून टाकलं, हेही त्यानेच पसरवलं. ते मला कॅन्टीनमध्ये वाचनालयाच्या बाईंकडून कळलं. पुण्याचे लोक मला सोडायला तयार नव्हते, हे दादाला ठाऊक होतं. निरोपाच्या दिवशीचा फोटो मी त्यालाच पहिल्यांदा पाठवला होता. त्या दिवशी मी ठरवलं, याला सूट द्यायची नाही.

सचिवांना या भांडणाची गंमत वाटू लागली असावी. त्यांनी फर्मावलं, चाचणी करा, समितीसमोर करा, आणि मशीन बंद करायची ती दुकानवाल्यांनीच करायची.

नव्या मशिनी आल्या, बसल्या. मी जुन्या मशिनींच्या प्रती त्यांच्यात उभ्या केल्या. चाचणीला दुपारी समितीचे लोक, दोन्ही प्राचार्य आणि सचिव त्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिले. दादा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

"सुरू करायच्या आधी एक विचारतो," तो समितीला म्हणाला. "या दोन मशिनी झाल्या. पण दोघींचा डाटा कुठी हाय?"

सगळे माझ्याकडे वळले. मी नव्या मशिनींखालची डिस्कची पेटी दाखवली. "इथे. दोघींची साठवण एकत्र आहे."

"म्हणजे एकाच पेटीत. मंग पेटी गेली तर?"

प्रश्न चोख होता. खोलीतल्या इतर कोणालाही तो सुचला नसता. मी सांगितलं की पेटीला वीज दोन बाजूंनी आहे, आतले भाग दुहेरी आहेत, एखादी डिस्क गेली तर चालू असतानाच बदलता येते आणि रोजची प्रत शाळेच्या इमारतीत वेगळी जाते. पेटीच गेली तर त्या प्रतीवरून परत उभं करायला काही तास लागतील.

"तास," दादा समितीकडे पाहत म्हणाला. "लिहून घ्या. तास म्हणते."

"तुमची मशीन जळली तेव्हा वाचनालय आठवडाभर बंद होतं," मी म्हणाले. वाचनालयाच्या फाइलमध्ये ते मी पाहिलं होतं. पहिल्यांदाच मी त्याला तुम्ही म्हणाले. त्याचे कान लाल झाले.

सचिव म्हणाले, "बोलणं पुरे. काढा."

दादा वाकला आणि त्याने दोन नव्या मशिनींपैकी पहिलीच्या विजेच्या दोन्ही तारा उपटल्या. पंखे थांबले. समोरच्या पडद्यावर प्रवेशाचं पान उघडं होतं ते गोठलं. मी आधीच सांगितलं होतं की दुसरी मशीन काम उचलायला दोन-तीन मिनिटं घेते. पण लोकांच्या डोळ्यांसमोर ती मिनिटं फार लांबतात.

"गेलं," दादा म्हणाला. "पाह्यलं ना? अॅडमिशनच्या दिवशी असं झालं तर बाहेर पोरायची लाइन राहीन."

एक प्राचार्य घड्याळ पाहू लागले. मी हात मागे बांधून उभी राहिले. मग पान हललं आणि परत उघडलं. पाठोपाठ पगाराचं, मग हजेरीचं.

सचिवांनी स्वतः माऊस घेऊन दोन-तीन जागी टिचकी मारली. "चालतंय की हो," ते म्हणाले.

दादा तिथे थांबला असता तर बरं झालं असतं. तो स्विचकडे गेला आणि एकाची वीज काढली. पडद्यावर काहीच झालं नाही. मग त्याने दुसऱ्याचीही काढली. सगळं थांबलं.

"आता?" तो ओरडला. "आता बोल ना!"

"दोन्ही काढले तर बंदच पडणार," मी म्हणाले. "दुकानाचं शटर पाडून गिऱ्हाईक काहून नाही आलं, असं विचारण्यासारखं आहे हे."

समितीतलं कोणीतरी हसलं. मग सचिव हसले, आणि मग सगळेच. ज्या माणसांच्या हाताखाली दादाने ऊन, पाऊस, लग्नकार्य न पाहता तारा जोडल्या होत्या, ती माणसं त्याला हसत होती. तो हातात प्लग घेऊन उभा होता. मला आनंद झाला. तो मी लपवलाही नाही.

जुन्या मशिनी काढायचं ठरलं आणि त्या दादालाच नेऊ दिल्या. तो मालवाहू ऑटो घेऊन आला. हमाल होता, तरी प्रत्येक मशीन त्याने स्वतः उचलली. ऑटोत चढवण्याआधी तिच्यावरचं आपलं स्टिकर नखाने खरवडून काढत होता. मी व्हरांड्यात उभी होते. शेवटची ठेवल्यावर तो माझ्यासमोर आला.

"खुश?"

"हो."

"मायासाठी तू मेली," तो म्हणाला आणि ऑटोत पुढे जाऊन बसला.

दुकान बुडालं नाही. दादा कॅमेरे बसवू लागला; आज भंडाऱ्यातल्या निम्म्या भांड्यांच्या दुकानांत त्याचे कॅमेरे आहेत. सर्व्हर रूममध्ये आता एकच एसी चालतो, परीक्षा विभाग पोरांना दिसत नाही आणि गेल्या वर्षी प्रवेशाची मशीन आम्ही खरोखर क्लाउडवर नेली. आई माझ्याकडे येते ती एकटीच. मी आंधळगावला जाते ती दादा घरी नाही हे वहिनीला विचारून. एकदा वहिनीने फोनवर म्हटलं, "तुमीच एक डाव बोलून पाहा ना." मी विचारलं, पुण्याची ती गोष्ट खोटी होती असं तो चार लोकांत सांगेल का? तिने आईच्या तब्येतीचं बोलणं काढलं.

परवा भंडाऱ्याजवळ कारध्याकडे रस्ता खोदताना संस्थेची इंटरनेटची केबल तुटली. मी खड्ड्याशी छत्री धरून उभी होते, कामगार आत बसून काचेचा तंतू जोडत होता. दादा मोटारसायकलवरून आला, मागे वहिनी. रस्ता अरुंद झालेला, त्यामुळे त्याला माझ्यापासून हातभर अंतरावरून जावं लागलं. वहिनीने माझ्याकडे पाहून मान हलवली. त्याने गाडी हळू करून खड्ड्यात वाकून पाहिलं, केबल पाहिली, जोडणाऱ्याचे हात पाहिले.

"उलटी धरली त्यानं," तो समोर बघतच म्हणाला आणि गाडी पुढे काढली.

मी कामगाराला विचारलं. त्याने नीटच धरली होती.