बक्षिसाच्या घड्याळाने ओढलेली बस

"पीत असेल, दुसरं काय! आजच काढून टाका," मॅनेजर साहेब म्हणाले.

समोर यशवंत मान खाली घालून उभा. निफाडहून सातपूरला कारखान्याची पहिल्या शिफ्टची बस तो आणायचा. त्या सकाळी उभ्या पिकअपचा आरसा त्याने उडवला. शेजारी उभा माणूस थोडक्यात वाचला. पण महिन्यात तिसऱ्यांदा बस डावीकडे ओढली गेली होती, आणि आत अडतीस कामगार.

त्याच कारखान्याच्या बसवर मी एकतीस वर्षं ड्रायव्हर होतो. सातवी नापास. रिटायर झालो तरी ड्रायव्हरची ट्रायल घ्यायला मलाच बोलावतात.

मी म्हणालो, "तोंडाला वास नाही. डोळे तपासलेत, अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ आहेत का, तेही तपासलंय. मला एक दिवस त्याच्याशेजारी बसू द्या."

"एकच दिवस, अण्णा."

दुसऱ्या दिवशी त्याच्याशेजारी बॉनेटवर, म्हणजे इंजिनच्या झाकणावर बसलो. हात चांगला होता गड्याचा. पिंपळगावच्या फाट्यापर्यंत काही नाही. मग त्याच्या डाव्या मनगटावर काहीतरी गुरगुरलं. त्याने मनगट वळवलं, बघितलं. बस हातभर डावीकडे गेली. त्याने परत ओढून घेतली. त्याला पत्ताच नाही.

"काय बघितलंस रे?"

"काय नाय अण्णा, घड्याळ वाजलं."

"काय म्हणतंय?"

तो लाजला. "म्हणतंय, लय वेळ बसलाय, उठा, थोडं चाला."

बस चालवणाऱ्याला उठून चाल म्हणणारं हे घड्याळ कारखान्यानेच दिलेलं. वर्षभर अपघात नाही म्हणून, साहेबांच्या हस्ते. यशवंतच्या पोराने त्यावर फोनचे सगळे मेसेज जोडून दिलेले.

अशा घड्याळाची काच एरवी काळी असते. मनगट वळवलं की उजेड पडतो. आणि तो हात असतो स्टेअरिंगवर, मनगटाबरोबर तेही डावीकडे वळतं. आमच्या जुन्या गाड्यांना 'प्ले' असायचा. म्हणजे स्टेअरिंग थोडं हललं तरी चाकं हलायची नाहीत. आताच्या पॉवर स्टेअरिंगला बोट पुरतं.

साहेबांना सांगितलं, तर हसले. "अण्णा, फोन हातात धरायला लागू नये म्हणून तर घड्याळ दिलं. मी स्वतः रोज घालून गाडी चालवतो."

"मग आज पण चालवा."

कारखान्याच्या मोकळ्या पटांगणात मी फक्कीची, म्हणजे चुन्याच्या भुकटीची, लांब रेघ मारली. साहेबांच्या गाडीचं पुढचं उजवं चाक रेघेवर ठेवलं. वीसच्या स्पीडने सरळ न्यायची. ऑफिसातल्या जोशीबाईंना सांगून ठेवलं, की अधूनमधून साहेबांना मेसेज टाका.

साहेब टोकाला उतरले. "बघा, सरळ आणली."

"मागे वळून बघा."

चाक गेलं तिथे फक्की दबली होती. तीन ठिकाणी रेघ तशीच पांढरी, आणि टायरचा माग दीड वीत डावीकडे. जोशीबाईंनी मेसेज तीनच टाकले होते.

मी विचारलं, "साहेब, तुम्ही प्यायलाय का?"

ऑफिसच्या खिडकीत उभ्या जोशीबाई पटकन आत सरकल्या. साहेब म्हणाले, "यशवंतला बोलवा."

यशवंतची नोकरी राहिली. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली, हे मी त्यांच्या बाजूने लिहितो. आता गेटवर एक खण आहे. ड्रायव्हरने घड्याळ त्यात ठेवायचं, मग किल्ली घ्यायची. ही रीत माझी, आणि मला तिचा अभिमान आहे.

लोक म्हणतात अण्णांचा हात पक्का. निम्मं श्रेय सुमनचं. माझी बायको. जाऊन चौदा महिने झाले. मी गाडीवर असताना तिने कधी फोन केला नाही. तिचे वडील वारले तेव्हाही नाही. बस गेटात लागायची वेळ होईपर्यंत भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून राहिली, मग वॉचमनच्या फोनवर सांगितलं. मी चिडलो होतो तेव्हा. "आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुमच्यामागे चाळीस जणं बसलेली होती."

परवा साहेबांनी विचारलं, "अण्णा, यंदा ड्रायव्हरांना बक्षीस काय द्यावं?"

"भिंतीवरचं घड्याळ द्या. घरच्यांना लागतं."

आमच्या घरी घड्याळ सुमन बघायची. मी रस्ता बघायचो. एकतीस वर्षं गाडीला ओरखडा नाही, तो असा.