कुंदाताईंची जाली

कुंदाताई कुणाच्याही घरी गेल्या की आधी भिंतीवरच्या तसबिरी उलट्या करून बघायच्या. यजमानीण पाणी आणायला आत गेलेली असायची आणि इकडे या बाई खुर्चीवर चढून तिच्या सासऱ्यांचं तोंड भिंतीकडे करायच्या. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी दत्तगुरूंना खाली उतरवलं, मागच्या हार्डबोर्डवर नख फिरवलं आणि आईला म्हणाल्या, "बाय, तुमचे देव ओले झालेत. भिंतीत पानी मुरतंय." आई दोन दिवस घुश्शात होती. तिसऱ्या दिवशी तिनंच प्लंबर बोलावला.

"तोंड कोनीबी रंगवतं. पाठ बघावी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. डोंबिवलीत स्टेशनपासून पाच मिनिटांवर त्यांचं फ्रेमचं दुकान होतं. माहेर ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातलं, वडील होड्या बांधायचे. नवरा लवकर गेला. सासरच्यांनी 'आता माहेरी जा' म्हटलं, तर या गेल्या नाहीत. त्याचं बंद पडलेलं दुकान उघडून बसल्या. बाईच्या हातात करवत बघून गिऱ्हाइकं पुढच्या दुकानात जायची. "जाऊ दे. फ्रेम वाकडी झाली का येतील," त्या म्हणायच्या. आणि यायचीही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी नुकती बँकेत लागले होते आणि संध्याकाळी आमच्या हौशी नाट्यसंस्थेत रमत होते. माझं अक्षर बरं, म्हणून फलक, पत्रं, कार्यक्रमपत्रिका सगळं माझ्या गळ्यात. त्या वर्षी ठाण्याच्या एकांकिका स्पर्धेत उतरायचं ठरलं. आमचे दिग्दर्शक राजाध्यक्ष सर शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्यांनी एकांकिका निवडली ती थेट थंड हवेच्या ठिकाणच्या बंगल्यातली. फायरप्लेस नसेल तर नाटकच नाही, असं सरांचं म्हणणं. घामानं निथळत आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. फायरप्लेस आमच्यापैकी कुणीच पाहिलेली नव्हती, सरांनीसुद्धा नाही.

सरांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर एक चित्र काढलं आणि आम्ही दोघं दुकानात गेलो. "ही शेकोटी. आणि हिच्यापुढे उभी करायची एक नक्षीदार जाळी," सर म्हणाले.

"कशाला?"

"ठिणग्या उडू नयेत म्हणून."

"म्हनजे घरात आग पेटवाची आन वर तिला पदर द्याचा," कुंदाताई म्हणाल्या. "करते."

पुढचे दहा दिवस बँक सुटली की मी दुकानात जाऊन बसायचे. हार्डबोर्ड ही तशी बिचारी वस्तू. फोटोच्या मागे जन्म काढायचा, कुणी तोंड बघत नाही. कुंदाताईंनी त्याचे तीन उभे भाग कापले, वरच्या कडेला होडीच्या पुढच्या नाळेसारखा बाक दिला. मग नक्षीच्या प्रत्येक घरात एक भोक पाडून त्यातून करवतीचं बारीक पातं ओवायचं आणि आतला तुकडा कोरून काढायचा. पाती मटामट तुटायची. कापलेल्या कडा कापसासारख्या फुलायच्या. त्यावर पातळ सरस लावायचा, वाळला की घासायचा, पुन्हा लावायचा. शेवटी काळा रंग आणि वर पितळेच्या भुकटीचा हात.

सरांनी द्राक्षवेलीची नक्षी सांगितली होती. पण कुंदाताईंच्या बोलण्यात 'ळ' नव्हताच, आणि त्यांच्या कानात जाली म्हणजे मासे धरायची. सर बघायला आले, तर तिन्ही भागांवर मासेमारीचं जाळं कोरलेलं, प्रत्येक सांध्यावर गाठ. सर भडकले. "बाई, मी वेल सांगितला होता!"

"जाली सांगितली, जाली केली. दिवा लावून बघा, मंग बोला."

मागे लाल बल्ब लावला. समोरच्या भिंतीवर जाळ्याची भली मोठी सावली पडली आणि तालमीतली नायिका त्यात अडकल्यासारखी दिसू लागली. एकांकिकाही तशाच अडकलेल्या बाईची होती. सरांनी बल्ब विझवून पुन्हा लावून बघितला. मग म्हणाले, "हं. चालेल."

कार्यक्रमपत्रिका मी लिहिली. 'नेपथ्य' यापुढे सरांनी स्वतःचं नाव सांगितलं. खाली लिहायला सांगितलं, 'हातभार: कुंदा नाखवा'. मला ते खटकलं, हे आज सांगते. तेव्हा मुकाट्यानं सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल कापली.

स्पर्धेच्या दिवशी टेम्पोतून जाळी ठाण्याला आली, मांडून झाली. कुंदाताईंनी विंगेत पत्रिका उचलली, सवयीनं आधी मागची बाजू बघितली आणि मग पुढची वाचली. "ह्ये कोनी लिवलं?"

"सरांनी सांगितलं," मी म्हणाले.

"सांगितलं त्यांनी. लिवलं कोनी?"

सर पुढे आले. "बाई, हातभार हा चांगला शब्द आहे."

"हात माजा, भार माजा. मंग तुमचं काय व्हतं त्यात?"

त्यांनी पत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेतला आणि एकेका प्रतीवर काट मारून 'नेपथ्य' पुढे आपलं नाव लिहायला सुरुवात केली. सर म्हणाले, "हा काय हट्ट? परीक्षकांकडे प्रती गेल्यासुद्धा." तर या उठून तडक परीक्षकांच्या टेबलापाशी गेल्या आणि तिथल्या तिन्ही प्रती दुरुस्त केल्या. एक परीक्षक हसले. "हसा, पन वाचा," कुंदाताई म्हणाल्या.

नेपथ्याचं तिसरं बक्षीस आम्हाला मिळालं. प्रवेशअर्जावर सरांचं नाव होतं, तेच पुकारलं गेलं. सर पायऱ्या चढेपर्यंत कुंदाताई रंगमंचावर पोचलेल्या. त्यांनी पाहुण्यांच्या हातातलं प्रमाणपत्र घेतलं, वाचलं आणि परत दिलं. "यावर माजं नाव नाय. घालून द्या, मंग नेते."

आयोजकांना त्यांनी तीन अर्ज केले. तिन्ही मी लिहून दिले. तेवढीच माझी हिंमत. 'नोंदीत बदल करता येत नाही' असं उत्तर आलं. कुंदाताईंनी दुकानात एक रिकामी फ्रेम टांगली. गिऱ्हाईक विचारायचं, "यात कोण?" त्या म्हणायच्या, "येनार हाय." आमच्या संस्थेचं काम त्यांनी पुन्हा केलं नाही. कल्याणच्या, ठाण्याच्या मंडळींची कामं केली, पण आधी छापलेलं नाव दाखवा, मग करवत उचलीन, या अटीवर.

नव्वदचं दशक संपता संपता त्या काविळीनं गेल्या. पंधरा दिवसांत खेळ खलास. संस्थेनं शोकसभा ठेवली. सर तोवर अध्यक्ष झाले होते. त्यांनी मला बोलावून खडू हातात दिला. "लिही. 'आमच्या जुन्या हितचिंतक...'"

मी फळ्यापुढे उभी राहिले. रडू येत होतं आणि रागही येत होता, जास्त स्वतःचाच. "सर, हितचिंतक नाही."

"अगं, बाई गेल्या. आता वाद कशाला?"

"वाद नाही, सर. नाव आहे." आणि मी फळाभर लिहिलं, 'नेपथ्यकार कुंदा नाखवा'.

"पूस ते," सर म्हणाले.

"मी लिहिलंय, सर. पुसायचं तर तुम्ही पुसा."

डस्टर टेबलावरच पडून होतं. सरांनी ते उचललं नाही.