मडकं पालथं केल्याशिवाय

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, वाघानं नेलेल्या माणसांचे पंचनामे केले. नातवंडं तेच ऐकायला मागतात. पण मला विचाराल, तर सगळ्या नोकरीतला जो मामला अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहतो, त्यात रक्ताचा थेंब नव्हता. त्यात होतं एक मातीचं मडकं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. सगळा मुलूख चांदा जिल्ह्यात मोडायचा आणि मी त्यातल्या एका तालुक्याच्या गावी ठाणेदार होतो. आसपासच्या गावांना मिळून सरकारी मिडल शाळा एकच. त्या वर्षी पाचवीच्या वर्गात बारा जागा उरल्या होत्या आणि अर्ज आले एकोणतीस. हेडमास्तर सज्जन माणूस. वशिला नको म्हणून त्यांनी जाहीर केलं की सर्वांसमोर चिठ्ठ्या काढू. शाळेच्या ओसरीवर मडकं ठेवलं, हेडमास्तरांच्या पाच वर्षांच्या नातीनं एकेक चिठ्ठी काढली आणि बारा नावं वाचली गेली. त्यात पहिलंच नाव माझ्या मुलाचं होतं.

मी स्वतः त्या दिवशी दौऱ्यावर होतो. परत आलो तेव्हा आमच्या मंडळींनी ठाण्यात पेढे वाटून टाकले होते. ठाण्याचं लिखाण सांभाळणारे हेड मोहरीर दोन पेढे खाऊन म्हणाले, "साहेब, पोराचं नशीब घोड्यावर हाये!" मीही मिशीला पीळ दिला. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रोजनाम्यावर सही करत होतो, तेव्हा एक माणूस दारात येऊन उभा राहिला. पोटऱ्यांपर्यंत चिखल, खांद्यावर जाळं. दोन कोसांवरच्या गावातला ढिवर, तलावावर मासे मारून पोट भरणारा. चौथी पास झालेल्या त्याच्या मुलीचं नाव एकोणतीस अर्जांत होतं, बारांत नव्हतं.

"जागा नाई लागली म्हणून आलास का?" मी विचारलं.

"नाई जी. चिठ्ठी नाई निघाली तं नाई निघाली. पण मडक्यात चिठ्ठ्याच नव्हत्या, साहेब."

"तू आत पाहिलंस?"

"पाहाचं काम काय? हात पाह्यला ना. पयल्या चिठ्ठीले पोरीनं मनगटापावतर हात घातला अन् चिठ्ठी काढली. शेवटच्या चिठ्ठीले खांद्यापावतर हात गेला अन् चाचपडूनच राह्यली होती. आमी टोपलीतून मासोळ्या काढतो जी. टोपली भरली असन तं हात लगेच वापस येते. एकच राह्यली तं हात फिरते. मंग सतरा चिठ्ठ्या उरल्या होत्या तं पोरीचा हात काऊन फिरला?"

मोहरिरांनी लेखणी थांबवली. मी उठून त्याला बसायला स्टूल दिलं.

तो पुढे सांगू लागला. त्यांच्या तलावावर जाळं टाकायच्या जागा दर वर्षी अशाच ठरतात. कोणी शिंपला टाकतो, कोणी सुताची गाठ, कोणी चिंचोका. पण प्रत्येक घर आपली खूण आपल्या हातानं मडक्यात टाकतं आणि वाटणी झाली की मडकं सर्वांसमोर पालथं करतात. उरलेल्या खुणा ज्याच्या त्यानं मोजून उचलायच्या.

"मी शाळेत म्हटलं, मडकं पालथं करा जी. तं शाळेचा कारकून बाबू म्हणे, ही सरकारी शाळा हाये, मासोळी बाजार नाई."

तो गेल्यावर मोहरिरांना प्रश्न पडला, "साहेब, ह्याले कलम कोनतं लावाचं?" मलाही सुचेना. शेवटी रोजनाम्यात तोंडी तक्रार म्हणून नोंद केली आणि चौकशीला निघालो.

हेडमास्तर बिचारे हबकले. अर्जांवरून चिठ्ठ्या लिहिण्याचं आणि मडक्यात टाकण्याचं काम त्यांनी विश्वासानं शाळेच्या कारकुनावर सोपवलं होतं. पहिली साक्ष त्यांच्या नातीची घेतली. ती ओसरीत सागरगोटे खेळत होती. मी उकिडवा बसलो आणि विचारलं, "बाळे, शेवटची चिठ्ठी कुठी होती?"

"खाली होती. एकटीच होती," ती म्हणाली. "मले लय शोधा लागली." आणि पुन्हा सागरगोटे खेळू लागली. एवढी सरळ साक्ष पुढे कोर्टातही फार वेळा ऐकायला मिळाली नाही.

कारकुनाला ठाण्यात बोलावलं. माझा अनुभव असा की सराईत गुन्हेगाराला दरडावावं लागतं, पण भित्र्या माणसाला चहा पाजावा. घाबरलेला माणूस शिवीला सावरून असतो, चहानं ढेपाळतो. मी टेबलावर तेच मडकं ठेवलं, त्याच्यापुढे चहाची कपबशी सरकवली आणि काहीच विचारलं नाही. मोहरीर कागदावर तारीख घालून बसले. अर्धा कप संपेपर्यंत बाबूंच्या कपाळावर घाम आला.

"उरलेल्या चिठ्ठ्या कुठे आहेत?" मी विचारलं.

"जाळल्या, साहेब."

"जाळल्या की लिहिल्याच नाहीत?"

त्यांनी कप बशीत ठेवला. आणि मग बाबू हात जोडून जे बोलले, ते ऐकून माझ्या कानशिलांना चटका बसला.

"लिहिल्याच नाई, साहेब. बाराच लिहिल्या. पन आपल्या चिरंजीवाचं नाव मी पयलं टाकलं जी! पयलंच हाताले लागन असं वरती ठेवलं होतं."

मोहरीर माझ्याकडे बघत राहिले. त्यांची लेखणी हवेतच होती. हळूच म्हणाले, "साहेब... हे लिहू का?"

एक क्षण नको म्हणावंसं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. मग म्हणालो, "लिहा. शब्दन् शब्द लिहा."

बाकीचं भराभर बाहेर आलं. बारांपैकी आठ नावं हाकिमांच्या आणि गावच्या बड्या मंडळींच्या मुलांची होती. चार साध्या घरची, संशय येऊ नये म्हणून. "कोणी सांगितलं होतं?" असं दटावून विचारलं, तर बाबू रडवेले झाले. "कोनीच नाई, साहेब. पन उद्या कोनी विचारलं असतं तं मी काय उत्तर दिलं असतं?" न मागितलेली लाच लोक अशी आपल्या ताटात वाढून ठेवतात. आपण ती पेढ्यासारखी खातो आणि नशीब म्हणतो.

घरी सांगितलं तेव्हा आमच्या मंडळी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता वाटलेले पेढे परत मागायचे की काय?" मुलगा मात्र हसला नाही. शाळेतल्या पोरांनी त्याला चिठ्ठीवाला म्हणायला सुरुवात केली होती.

मी शिक्षण खात्याकडे अहवाल पाठवला. बाबूंना ताकीद मिळाली आणि सोडत रद्द झाली. नवी सोडत आठवडी बाजाराच्या दिवशी, शाळेपुढच्या मोहाच्या झाडाखाली ठेवली. पद्धत ढिवराची. प्रत्येक बापानं आपल्या लेकराची चिठ्ठी आपल्या हातानं टाकायची. बाजारातली माणसं टोपल्या घेऊन तशीच उभी राहिली. मीही वर्दी न घालता रांगेत उभा राहिलो आणि माझी चिठ्ठी टाकली.

सातव्या वेळी हेडमास्तरांच्या नातीनं काढलेली चिठ्ठी माझ्या मुलाची निघाली.

मुलाचं नाव निघू नये असं बाप म्हणून वाटण्याची ती माझी पहिली आणि शेवटची वेळ. सगळ्या बाजाराच्या नजरा माझ्याकडे वळल्या आणि त्या झोंबल्या. बारा चिठ्ठ्या पूर्ण झाल्या. ढिवराच्या मुलीचं नाव आलं नाही.

तेवढ्यात ढिवर पुढे आला. त्यानं मडकं दोन्ही हातांनी उचललं आणि चटईवर पालथं केलं. चिठ्ठ्या पडल्या. त्या मोजून सतरा भरल्यावर त्यानं मुलीला हाक मारली, "वाच वो माय, एकेक." ती दोन वेण्या घातलेली पोर एकेक घडी उलगडत खणखणीत वाचू लागली. दुसरी चिठ्ठी तिचीच होती. तीही तिनं तशीच, त्याच आवाजात वाचली. जागा सुटलीच तर याच क्रमानं द्यायची, म्हणून हेडमास्तर नावं उतरवून घेत होते.

बाप लोकांकडे वळला. "आता बराबर हाये. आता कोनाचं काई म्हणनं नाई." लोक हसले, गलका सुरू झाला, बाजार पुन्हा भरला.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "माझ्या मुलाचं नाव लागलं होतं हे तुला माहीत होतं. मग माझ्याकडेच कसा आलास? भीती नाही वाटली?"

"वाटली ना जी! पन बाकीच्याले कोन विचारते? ज्याचं नाव लागलं थोच मडक्याले हात लावन, तं लोकं खरं मानतीन."

सव्वीस दिवसांनी कप्तान साहेबांचा, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखांचा, हुकूम आला. माझी बदली धानोऱ्याच्या जंगलात. ज्यांची जागा गेली त्या बड्या मंडळींपैकी कोणी वर शब्द टाकला असावा. पुरावा नाही, म्हणून आरोप करत नाही. पण त्यांनी एक हिशेब केला नव्हता. मी गेलो म्हणजे मुलगाही जाणार आणि पाचवीतली एक जागा सुटणार! उरलेल्या यादीतला पहिला मुलगा तोवर मामाकडे शिकायला गेला होता. दुसरं नाव दोन वेण्यांवालीचं.

बैलगाडीत सामान चढवत होतो, तर ढिवर आला. आनंदात असेल असं वाटलं होतं, पण त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"असं नव्हतं मागतलं जी मी."

"माहीत आहे," मी म्हणालो. "पोरीला रोज शाळेत पाठव. धानाची रोवणी आली म्हणून घरी ठेवू नकोस."

गाडीत गाठोड्यावर फुगून बसलेल्या माझ्या मुलानं तेवढ्यात त्याला विचारलं, "भाऊ, माझं नाव खरंच निघालं होतं का हो?" इतके दिवस हा प्रश्न त्यानं मला विचारला नव्हता. मी उत्तर दिलं असतं तरी त्याला ते पटलं नसतं.

ढिवर गाडीजवळ आला आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "खरंच निघालं होतं, बाबू. मी सोता मडकं पालथं केलं ना!"

मुलाचा चेहरा असा काही खुलला की मी बैलांकडे बघू लागलो. पुढे प्रत्येक ठाण्यात शिपायांच्या दिवाळीच्या रजा मी मडक्यातूनच काढल्या आणि मडकं पालथं करायला दर वेळी त्यालाच बोलावलं, ज्याची रजा हुकली. कुरकूर कधी ऐकली नाही. न्याय झाला की नाही, हे जिंकलेल्याला विचारून कळत नाही, एवढं मला त्या ढिवरानं शिकवलं.

मुलगा आता साठीला आला. त्या शाळेत तो जेमतेम सव्वीस दिवस बसला. पण अजूनही कोणी विचारलं तर छाती काढून सांगतो, ती जागा माझी होती.