धूळ नसलेली फिल्म

विद्यापीठात त्याला सगळे बगळा म्हणत. कॅमेऱ्यामागे तासन्‌तास हूं की चूं न करता उभा राही म्हणून. माणसं कशी जगतात, कशी राबतात, याची फिल्म तिथल्या संशोधकांसाठी तो तीस वर्षं काढत होता. तोरा एकच: घडतं ते टिपायचं, आपण मध्ये नाक खुपसायचं नाही. लग्नात फोटोवाला 'जरा हसा' म्हणाला तरी याच्या कपाळाला आठी. आता असल्या माणसाला काय बोलणार!

एक दिवस दगड घासण्याच्या कारखान्यातल्या कारागिराची बायको त्याच्याकडे आली. नवरा छातीत धूळ साचून गेला होता. मालक म्हणे, आमच्याकडे धूळ नसतेच. चौकशी अधिकारी यायचा म्हटलं की तो कारखाना धुऊन काढी. धाकटा दीर अजून त्याच दगड घासायच्या चाकावर बसत होता आणि आता तोही खोकू लागला होता. धूळ सिद्ध झाली, तरच ते चाक थांबणार होतं. बारा वर्षांपूर्वी बगळ्याने तिथे महिनाभर फिल्म काढली होती, ती आठवून बाई आली.

"वहिनी, निर्धास्त राहा," तो म्हणाला. "माझ्या फिल्मला कोण खोटं पाडतंय?"

अधिकाऱ्याच्या खोलीत, मालकासमोर, पडदे ओढून फिल्म लावली. फरशी ओली, हवा स्वच्छ, बाईचा नवरा दगडावर वाकून मजेत काम करतोय. बगळ्याला आत्ता कुठे आठवलं. धुळीने लेन्स खराब होते म्हणून रोज सकाळी त्यानेच पाणी मारून घेतलं होतं. कुणी खोकलं की आवाज फाटतो, म्हणून खोकला ओसरेपर्यंत तो कॅमेरा बंद ठेवायचा. यात आपण काही लुडबूड केली, असं त्याला बारा वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

त्याने सगळं सांगून टाकलं. नाव गेलं तर जाऊ दे म्हणाला. अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की अशी फिल्म मग पुराव्यात धरताच येणार नाही, आणि दुसरा पुरावा तर नाहीच. मालकाने उठून हात जोडले. फाईल मिटली.

जिन्यात तो बाईची माफी मागू लागला. ती चिडली नाही. तिने फिल्मची एक प्रत मागितली.

"शेवटची आठ वर्षं मी त्यांना खोकल्याशिवाय पाहिलंच नव्हतं," ती म्हणाली.

खाली दीर ताटकळत उभा होता. त्याला दुपारची पाळी गाठायची होती.