रिले टेबलावरच होता

मी हायस्कूलात विज्ञानाचा मास्तर होतो. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर काढायचो, त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण घडलं ते असं...

साल एकोणऐंशी. वडिलांची जुनी विलायती गाडी माझ्याकडे होती. तिचा पेट्रोल पंप विजेवर चालायचा. चावी फिरवली की मागून टकटक ऐकू यायची, मग गाडी सुरू करायची. पंपाला करंट पोचवायला काडेपेटीएवढा एक रिले होता. तो वारंवार दगा द्यायला लागला, म्हणून मी गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रींकडे टाकली.

मिस्त्रींची एक पद्धत होती. नवा पार्ट बसवला की जुना त्याच नव्या खोक्यात घालून, दोरा बांधून सीटवर ठेवायचे. मालकाला शंका नको! दोरा बांधलेलं खोकं दिसलं की काम झालं, हे सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ होतं.

शुक्रवारी दुपारी कोडोलीहून मेहुणा मोटरसायकलवर शाळेत आला. माझी बायको सुमन बाळंतपणाला माहेरी होती. मेहुण्याला धाप लागलेली.

"भावजी, बाळ आडवं हाय. डॉक्टर म्हनत्यात, लगोलग कोल्हापूरला न्या. गाडी काढा!"

त्याच्याच मागे बसून गॅरेज गाठलं. मिस्त्री जुम्म्याच्या नमाजाला गेलेले. चावी गाडीलाच होती आणि सीटवर खोकं... दोरा बांधलेलं. ते खिशात टाकलं, चावी फिरवली. टकटक झाली. निघालो!

कोडोलीत सुमनला मागच्या सीटवर निजवलं, सासूबाई उशाशी बसल्या. परतताना वाठारपर्यंत रस्ता खड्ड्यांचा. सुमन एकदाही ओरडली नाही, नुसती विचारत राहिली — "अहो, ती टकटक चालू आहे ना?" तिचं डोकं पंपाच्याच बाजूला होतं. मी म्हणायचो, "चालू आहे." खरं तर भीतीने मला काहीच ऐकू येत नव्हतं.

दवाखान्यात तिला थेट आत नेलं. दोन तासांनी मुलगी रडलेली ऐकली आणि मी बाकावर बसून लहान पोरासारखा रडलो. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर दोघीही हातच्या गेल्या असत्या.

दिवेलागणीला दस्तगीर मिस्त्री शाळेत चौकशी करून, सायकल हाणत दवाखान्यात आले. घामाघूम.

"मास्तर, गाडी कुनी ओढून आनली वो?"

"ओढून कशाला? मीच चालवत आणली. कोडोलीला जाऊन आलो."

"चेष्टा करू नका. नवा रिले माझ्या हातात हाय की!"

खरंच होता. नव्या रिलेची भोकं जुळेनात म्हणून तो टेबलावर ठेवून ते नमाजाला गेले होते. जुना मात्र सवयीने आधीच खोक्यात बांधून टाकलेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची ती चूक झाली होती. मी खिशातलं खोकं उघडलं. आत जळका रिले!

बॉनेट उघडलं. दोन वायरी लोंबत होत्या, प्रत्येकीच्या टोकाला स्वतंत्र चिकटपट्टी गुंडाळलेली. मिस्त्रींनी चावी फिरवली. गाडी गप्प... टकटक नाही की काही नाही.

"या अल्ला," म्हणत मिस्त्री पायरीवर बसले.

पुढं आम्ही दोनदा करून पाहिलं. रिले काढून गाडी ढकलत सुरू केली, की कार्बोरेटरमधल्या उरल्यासुरल्या पेट्रोलवर ती गल्लीच्या टोकापर्यंत जायची आणि बंद पडायची. कोडोली तर जाऊन-येऊन साठेक किलोमीटर! मुलगी आता इंजिनिअर आहे. म्हणते, "बाबा, वायरी एकमेकींना चिकटल्या असतील." चिकटपट्टी मी या डोळ्यांनी पाहिली आहे, तिला काय सांगू? आणि सुमन अजून शपथेवर सांगते, टकटक एकदाही थांबली नव्हती.

सर्किट तुटलं की प्रवाह बंद, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. आता एवढंच वाटतं... त्या दिवशी मी एकदा जरी बॉनेट उघडलं असतं, तर विज्ञानाचा मास्तर म्हणून गाडी सुरू करायचा प्रयत्नसुद्धा केला नसता.