चहा होईपर्यंतचं पाणी

आमच्या नात्यात कुणाकडेही इंग्रजी कागद आला की तो फिरत फिरत माझ्याकडे येतो. विम्याचा, बँकेचा, दवाखान्याचा. मी इंग्रजी शाळेत शिकले आणि फारशी बोलत नाही. कागद वाचून अर्थ सांगते आणि गप्प बसते. अशी मुलगी लोकांना किती सोयीची वाटते, हे मला बरंच उशिरा कळलं.

मामाचा पनीर आणि खव्याचा छोटा कारखाना गगनबावड्याच्या रस्त्याला आहे. मागे ओढा आहे, तो पुढे नदीला मिळतो. पनीर काढल्यावर आंबूस, पिवळट पाणी उरतं. ते टाकीत शुद्ध करून मगच ओढ्यात सोडायचं, अशी त्याच्या परवान्यात अट आहे. सोडलेलं पाणी किती स्वच्छ हवं आणि ते कसं तपासायचं, याचे नियम सरकार ठरवतं आणि अधूनमधून बदलतं. तेव्हा ते बदलायचं चाललं होतं. नव्या नियमांचा मसुदा संकेतस्थळावर आला होता, आणि ज्याची हरकत असेल त्याने मुदतीत लेखी कळवायचं होतं.

मामा एका रविवारी राजारामपुरीत आमच्या घरी आला तो मसुद्याची प्रिंट घेऊनच. तोवर मला वाटायचं, नियम वरून तयार होऊन येतात. हा तर अर्धवट शिजलेला होता. कुणीही पत्र लिहून त्यातला एखादा शब्द हलवू शकत होतं. मला हे चांगलं वाटायला हवं होतं, पण माझ्या मनात आलं ते एवढंच, की आत्ता कोण कोण कुठला शब्द हलवत बसलं असेल.

मी आकड्यांचा तक्ता वाचायला घेतला. आकडे आधीपेक्षा कडक झाले होते. मामाने हात हलवला. आकडं ऱ्हाऊ दे म्हणाला, आणि मागच्या एका पानावर बोट ठेवलं. तिथे पेनाने आधीच खूण केलेली होती.

आतापर्यंत तपासणीचा माणूस यायचा आणि त्या क्षणी पाइपातून पडणारं पाणी बाटलीत भरून न्यायचा. नव्या कलमात लिहिलं होतं की दिवसभर थोड्या थोड्या वेळाने पाणी घ्यायचं आणि ते सगळं एकत्र करून तपासायचं.

"एवढं कलम काढून टाका म्हणून लिव," मामा म्हणाला. "इंग्रजीतच लिव. इंग्रजीचं वजन पडतंय."

मी कारण विचारलं. लहान धंद्याला परवडत नाही असं घाल, म्हणाला.

आकडे कडक झालेले त्याला चालत होते, पण बाटली भरायची पद्धत बदललेली चालत नव्हती. शिवाय ज्याला इंग्रजी येत नाही त्याला नेमकं हेच कलम कुणी दाखवलं? कारखाना एकदा बघते, म्हणजे नीट लिहिता येईल, एवढंच मी म्हटलं. मामाने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

मी गेले त्या दिवशीच तपासणीचा माणूस आला. मोटरसायकलला मागे बाटल्यांची पेटी बांधलेली. मामा हात जोडून पुढे झाला.

"पावणं, बसा. चहा घेतल्याबिगर कामाला हात लावायचा न्हाय."

तो माणूस हसला. तुमच्याकडचा चहा घेतला की दुपारचं जेवण बुडतं, अशी त्याची जुनी तक्रार होती म्हणे. तो ऐसपैस बसला.

मामाचं घर कारखान्याला लागूनच आहे. मी तिथल्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. मामी एरवी वाऱ्यासारखी काम उरकते. त्या दिवशी तिने गॅस अगदी बारीक ठेवला आणि सायीचं दूध हळूहळू ढवळत बसली. मागून बोअरची मोटर सुरू झाली. मामीने मान वर करून आवाज ऐकला आणि बऱ्याच वेळाने चहाची पूड टाकली. मंद आचेवरच चव येती, असं तिने मला न विचारताच सांगितलं.

चहा झाल्यावर सगळे मागे गेले. पाइपातून नितळ पाण्याचा जाड धबधबा पडत होता. त्या माणसाने बाटली भरली, चिठ्ठी चिकटवली आणि गेला. त्याला माहीत होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. त्याने दुसरा कप मात्र मागून घेतला होता.

ओढ्याचा फोटो काढते असं सांगून मी मागेच थांबले. मोटर बंद झाली. धार बारीक झाली, मग पिवळट झाली आणि आंबट वास आला. मामी पाठीमागे येऊन उभी होती. ऊन लागेल, आत चल, म्हणाली. आम्ही दोघी जांभळाच्या दाट सावलीत उभ्या होतो.

बसमध्ये मी एकच विचार करत होते. दिवसभर कुणी चहा पीत नाही, आणि दिवसभर बोअरचं पाणीही पाइपात सोडता येत नाही. हे कलम आलं तर खरं पाणी बाटलीत जाणार, आणि टाकी वाढवेपर्यंत कारखाना बंद. मामाचं घर त्याच कारखान्यावर चालतं. पण ओढ्यात काय जातं ते मी बघितलं होतं.

मी पत्र लिहिलं. मामा सही करायला आला तेव्हा ते त्याच्यापुढे ठेवून सांगितलं की कलम काढा असं यात नाही. कलम राहू दे, पण लहान कारखान्यांना टाकी वाढवायला मुदत द्या, असं आहे.

"का?"

"मामा, मी मोटर ऐकली."

त्याने पत्र उचललं. "एवढं इंग्लिश शिकून पोलीस झालीस व्हय?"

सही न करता त्याने पत्र घडी घालून खिशात टाकलं आणि खाली गेला. मी खिडकीतून बघितलं. तो रस्त्यापलीकडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिरला आणि काउंटरवरच्या मुलीसमोर पत्र उलगडलं. मी खरं सांगितलं की नाही, हे तो तपासून घेत होता. मला आधी वाईट वाटलं. मग आठवलं, मीही त्याच्या कारखान्यात तेच करून आले होते.

तो परत आला. "तू सांगिटलंस तसंच हाय."

"मग काय वाटलं तुम्हाला?"

"वाटलं, मोटरीचं लिवून आमचंच नाव घालून दिलं असशील." त्याने पेन मागितलं. कलम काही टळत नाही, असं बाकीचे कारखानदारही म्हणतात, म्हणाला. निदान मुदत तरी मिळेल. इंग्रजी पत्राखाली त्याने मराठीत सही केली.

काही महिन्यांनी अंतिम नियम आले. कलम राहिलं होतं आणि लहान कारखान्यांना मुदत मिळाली होती. आमच्या पत्रामुळे, असं मामी सगळ्यांना सांगते. मला ते खरं वाटत नाही. कारण 'लहान' कुणाला म्हणायचं याची व्याख्या मसुद्यापेक्षा बरीच ऐसपैस झाली होती, चांगले मोठे कारखानेही आता तिच्यात बसत होते, आणि तो शब्द आम्ही हलवला नव्हता.

मामाने दुसरी टाकी बांधली. मुदत संपल्यावर मी कारखान्यावर गेले तर मामी दारातच म्हणाली, "चहा मागनं. आधी मागं जाऊन बघून ये."

आपण होऊन बघायला पाठवते, याचीच मला शंका आली. मी गेले. पाइपातून स्वच्छ पाणी येत होतं. मोटर बंद होती. मी इकडेतिकडे बघून तिच्यावर हात ठेवला. ती कोमट होती. तिच्यावर सावली होती, म्हणजे उन्हाने तापली नव्हती, नुकतीच चालून बंद झाली होती. पण कारखान्यातली भांडी धुवायलाही तीच मोटर लावतात.

मी आत गेले. चहा अजून झाला नव्हता.