खुर्चीत बसणारी साडी

भिजवलेले मुरमुरे घट्ट पिळून बुद्धप्रियानं फोडणीत टाकले आणि चमचा हलवता हलवताच नवऱ्याला हाक मारली, "डबा धुतलाव का? का कालच्या वासातच आजची भाजी भरू?"

"धुतला न्. दोनदा धुतला," प्रेम आतून म्हणाला. "पण टेबलावर जागा कर जरा. मला खायला बसायचंय, अन् तिथं तुझी अख्खी वरात बसून राहिली."

नांदेडच्या विष्णुपुरीतल्या या घरात रोज सकाळी हीच बोलाचाली. ओट्यावर मुरमुऱ्यांची सुशीला शिजत असते आणि जेवणाच्या टेबलावर माणसं वाळत असतात. माणसं म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी, प्लास्टिकची. मुलांच्या खेळण्यातल्या, एकमेकांत टचकन बसणाऱ्या विटांसोबत येतात ती. मुळात सगळी पिवळी आणि सगळी हसरी. बुद्धप्रियाच्या हातून गेली की त्यातला कुणी निलंग्याचा उसाचा ट्रॅक्टरवाला होतो, कुणी चष्मा लावलेली नर्स, कुणी फेटा बांधलेला आजोबा. रंगांच्या डब्यांवर तिनं स्वतःची नावं चिकटवली आहेत: दुधाचा चहा, कमी दुधाचा चहा, कोरा चहा. लोक ऑर्डर देताना हमखास म्हणतात, सुनेला जरा उजळ करा. ती सरळ सांगते, "सून बदलून आणा, रंग बदलणार न्हाई."

प्रेमनं वरात हलक्या हातानं सरकवली, ताटली ठेवायला पुरेल एवढीच, आणि तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना कुणीतरी बोटाच्या पेरानं, थांबून थांबून ठोकत होतं. वर्गाच्या दारावर ठोकावं तसं.

दारात साठीला टेकलेली बाई उभी होती. मोरपंखी साडी, जाड काचांचा चष्मा, हनुवटीवर तीळ आणि दोन्ही हातांत छातीशी धरलेलं खोकं. बुद्धप्रियानं खोकं ओळखलं, पण त्याच्याआधी तीळ ओळखला. ट्रिपल झीरोच्या, सगळ्यात बारीक ब्रशनं तो तिनंच एका बारक्या हनुवटीवर ठेवला होता. फोटोवरून धरलेला रंगही बरोबर निघाला होता. कोरा चहा.

"बुद्धप्रिया तूच का?"

"हाव बाई, मीच. जय भीम. या ना आत."

"जय भीम. मी पार्वती. मनिषाची आई. खोक्यावर तुझा पत्ता होता, म्हणून आले."

मनिषा नांदेडातच राहते. आई धर्माबादेकडच्या एका गावातल्या शाळेत मुख्याध्यापिका, आणि उद्या शाळेत त्यांच्या निवृत्तीचा निरोप समारंभ. त्यासाठी मनिषानं आईच्या नकळत ही ऑर्डर दिली होती: आईची शाळा, विटांची. फोटो पाठवत गेली, बुद्धप्रिया लॅपटॉपवर रचत गेली. पार्वतीबाई काल लेकीकडं मुक्कामाला आल्या आणि कपाटात पातळ ठेवायला गेल्या, तर खोकं हाताला लागलं.

पार्वतीबाईंनी खोकं टेबलावर ठेवलं आणि झाकण काढलं. प्रेमनं ताटली उचलून हातात घेतली.

"लई बारीक काम हाय," त्या म्हणाल्या. "फळ्यावरचा सुविचार वाचता येतो. घंटा हाय, हातपंप हाय, व्हरांड्याचा तुटका खांब बी हाय. पोरं तर अशी बसवलीस की आता गोंधळ घालतील." मग चष्मा वर सरकवून त्यांनी ऑफिसच्या खोलीत बोट घातलं. "अन् ही बाई उभी का हाय?"

टेबलामागं खुर्ची होती. खुर्ची रिकामी होती. शेजारी मोरपंखी साडीतली बारकी पार्वतीबाई, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून उभी.

बुद्धप्रियाला कारण तोंडपाठ होतं. या माणसांचे पाय कमरेत वाकतात, पण ते पँटवाल्यांचे. साडी नेसवायची तर पाय काढून त्या जागी एक उतरती वीट लावतात, घेरासारखी दिसणारी. दिसते सुरेख, पण ती वाकत नाही. म्हणून या धंद्यात साडीवाली नेहमी उभीच असते. बुद्धप्रियानं स्क्रीनवर खुर्ची ठेवली होती, बाई बसेना म्हणून तिला शेजारी उभी केली होती, आणि तिला ते बरंही वाटलं होतं. जुन्या स्टुडिओतल्या फोटोसारखं, ऐटीत.

तिनं ते तसंच सांगितलं. काही झाकलं नाही.

"ऐटीतच दिसून राहिली, मॅडम," प्रेमनं बायकोची बाजू घेतली.

पार्वतीबाईंनी त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं. "तुम्ही पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात उभं राहून काम करता का?"

प्रेमनं सुशीलाचा घास तोंडात टाकला आणि तो डबा शोधायला आत गेला. डबा त्याच्या समोरच होता.

पार्वतीबाई खुर्ची ओढून बसल्या. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "ऐक. मला मुख्याध्यापक केलं त्या सोमवारी मी ऑफिसात गेले तर खुर्ची न्हाई. म्हणे दुरुस्तीला नेली. पहिल्या दिवशी मी स्टुलावर बसले. दुसऱ्या दिवशी स्टूल बी गेलं. कुणी काही बोलत न्हाई, सगळे मॅडम मॅडम करतात, चहा आणून देतात, अन् मी उभी. आमच्या वस्तीतलं कुणी त्या खुर्चीत बसलेलं गावानं पाहिलं नव्हतं, अन् पाहायचं बी नव्हतं. चौथ्या दिवशी मला खुर्ची सापडली. शाळेच्याच कोठीत, खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांमागं. मी ती पोरांच्या देखत डोक्यावर घेतली, मैदानातनं चालत आणली, पुसली अन् बसले. त्यानंतर रोज बसले. आता उद्या सगळा गाव येईल, सरपंच येईल, सगळ्यांसमोर हे झाकण उघडायचं. अन् त्यात मी पुन्हा उभी? तांदळामागची खुर्ची आठवणारे अजून हायत गावात. ते हसतील. म्हणतील, शेवटी उभीच राहिली."

बुद्धप्रियानं गॅस बंद केला.

"गाडी कधीची तुमची?"

"दुपारची."

"मग बसते ही बाई. तुम्ही आधी खाऊन घ्या."

तिच्या बोलण्यात धीर देण्याचा सूर नव्हता. ज्याला काम येतं तो माणूस बोलतो तसं ती बोलली. स्थापत्यचा डिप्लोमा, मग नांदेडच्या एका ऑफिसात दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढण्यात गेलेली वर्षं. तिथं एक गोष्ट हाडात मुरली होती: जिना बसत नसेल तर जिन्याला दोष द्यायचा नाही, घर हलवायचं. लग्नानंतर नोकरी सुटली. भावाच्या मंगल परिणयाला तिनं गंमत म्हणून पांढऱ्या कपड्यांतलं नवरा-नवरीचं जोडपं करून स्टेजवरच्या टेबलावर ठेवलं. पाहुणे नवरा-नवरीला सोडून त्याच जोडप्याचे फोटो काढत राहिले. तिथून हा धंदा सुरू झाला. सासरच्यांनी आधी विचारलं, खेळणी करते का? ती म्हणाली, हाव, खेळणीच करते. अजूनही तेच म्हणते.

तिनं लॅपटॉप उघडला. स्क्रीनवर बारक्या बाईचे पाय, कंबर, घेर सगळं काढून टाकलं. राहिलं फक्त धड. ते एका चपट्या विटेवर बसवलं, पुढं दोन गोल कडेच्या विटा लावल्या, त्या झाल्या मांड्या, आणि त्यांच्या टोकाला उतरती वीट, पावलांपर्यंत येणारी. मॉडेल बाजूनं फिरवून पाहिलं. साडीतली बाई बसली होती. पार्वतीबाई ताटली घेऊन मागं उभ्या राहून बघत होत्या.

"पण ती खुर्चीत कुठं मावते? मांड्या बाहेर येतात," त्या म्हणाल्या.

"खरंय." बुद्धप्रियानं खुर्ची एका बटणानं रुंद केली. बटण म्हणजे विटेवरचं ते टेंगूळ, सगळी मापं त्याच्यातच. मग टेबल सरकलं, टेबलामुळं फळी सरकली, फळीमुळं खिडकी.

"हातांची खुर्ची पाहिजे. हात होते तिला."

"फोटोत दिसले न्हाईत. करते."

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. स्क्रीनवर मोरपंखी विटा हव्या त्या आकारात मिळत होत्या, कारण स्क्रीनला काय, कुठलाही रंग कुठल्याही विटेला फासता येतो. पण तिनं डबे उपसले, तर त्या रंगात गोल कडेची वीट नव्हती. असणारही नव्हती. त्या रंगात ती निघतच नाही. रंगवावी तर थर जाड होतो आणि वीट नीट बसत नाही.

तेवढ्यात मनिषाचा फोन आला. "ताई, आई तिकडं आली का? घरात न्हाई, खोकं बी न्हाई! अगं, सरप्राइज हुतं ते!"

"सरप्राइज मला झालं न्," पार्वतीबाई फोनकडं वाकून म्हणाल्या. "तू गप बस. आम्ही कामात हाव."

फोन ठेवल्यावर बुद्धप्रियानं विचारलं, "बाई, खुर्ची आणली त्या दिवशी कुठली साडी होती अंगावर?"

"पांढरी. निळ्या काठाची." त्या जराशा हसल्या. "शेजारचे गुरुजी म्हणाले होते, पांढरी कशाला नेसलाव, मॅडम, सौभाग्यवती हाव की तुम्ही. मी म्हटलं, आमच्यात चांगल्या दिवशी पांढरीच नेसतात, गुरुजी."

बुद्धप्रियानं पांढऱ्या विटांचा डबा ओढला. त्या ढिगानं होत्या, हव्या त्या आकाराच्या. मांड्या बसल्या, उतार बसला, ब्लाउजच्या अस्तराच्या कापडाचा पदर डिंकानं खांद्यावर चिकटला. ब्रश निळ्या रंगात बुडवून तिनं श्वास रोखला आणि पदरापासून पावलांपर्यंत काठ ओढला. कुठं तुटला नाही. प्रेम ऑफिसला निघाला तेव्हा त्याला कुणी पाहिलंही नाही. त्यानं डबा स्वतःच भरून घेतला.

शेवटी बारकी पार्वतीबाई रुंद खुर्चीत बसली. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, पाठ टेकलेली. खऱ्या पार्वतीबाई चष्मा काढून जवळून बघत राहिल्या. मग पदरानं चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा पाहिलं.

"आता हाय मी," त्या म्हणाल्या. खोकं बंद करून त्यांनी दोरी स्वतः बांधली. गाठ दोनदा तपासली. दारात चपला घालताना वळल्या. "मनिषानं तुझं दिलं ते दिलं. पण हे दुसरं काम मी सांगितलं. ह्याचं मी काय देऊ, ते तू सांग."

बुद्धप्रियानं हात पुसले. उत्तर तिच्याजवळ तयार होतं. अख्खी शाळा तिनं दुसऱ्याच्या फोटोवरून बांधली होती, आणि फोटोत ना खुर्चीचे हात आले होते, ना ती खुर्ची कुठून आली ते.

"पुढच्या आठवड्यात शाळा भरलेली असताना मला एकदा तिथं घेऊन चला, बाई. मला ती बघायची हाय."